दशकाला टाच, एककाला अंगठा

१४ जून

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. भिंगरीच्या शाळेतल्या बाईंनी तुला बोलावून घेतलं आणि मुलीला असामान्य मुलांच्या संस्थेत पाठवा म्हणून सांगितलं, हे वाचून आनंद झाला. नऊ वर्षांची पोर फळ्यावरची चूक बाईंच्या आधी धरते म्हणजे आईवर गेली. पण तू सल्ला विचारलास म्हणून लिहितो. अर्ज करू नकोस.

मी तिथे सहा वर्षं काढली आहेत. मुलं हुशार असतात, दयाळू नसतात. जेवताना बोलायला बंदी. पहिल्या हिवाळ्यात उत्तर आलं नाही की मी सवयीने बाकाखाली पाय लांब करायचो. समोर लोखंडी दांडी होती. गार लागायची.

आमच्या बाळराजेंचा अर्ज मात्र तुझ्या वहिनीने भरून टाकला आहे. मी नको म्हणत होतो. या घरात माझं कोण ऐकतं, ते तुला ठाऊकच आहे.

दुकानात फार वाकून शिवत बसू नकोस. पाठ सांभाळ. आहे तो लोभ राहू दे.

तुझा,
दादा

२२ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

स्वतःच्या मुलासाठी अर्ज, माझ्या मुलीसाठी सल्ला. वाटण्या करणं तुला पहिल्यापासून छान जमतं.

तुला लोखंडी दांडी आठवते. मला काय आठवतं ते सांगते. आप्पा जेवताना गणित घालायचे. उत्तर थोरल्याने द्यायचं, धाकट्याने विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. थोरला तू, आणि तुला येत नसे. मग टेबलाखाली माझा पाय तुझ्या पायावर. दशकाला टाच, एककाला अंगठा. वाहवा तुझी व्हायची. संस्थेचे परीक्षक घरी आले, त्याच टेबलाशी बसले, तेव्हाही तेच. पोरगा लाखात एक, असं म्हणून उठले. तू एकदाही खाली पाहिलं नाहीस. तू संस्थेत गेलास आणि मला आप्पांनी ओळखीच्या गादीवाल्याकडे बसवलं. आजही हातात दाभण आहे. सोफे शिवते. लोकांच्या बसण्याची सोय करते.

म्हणून अर्ज केला. आता माझं एक म्हणणं. चाचणी अजूनही घरी येऊन, जेवणाच्या टेबलाशीच घेतात. आमच्या खोलीत टेबल नाही, कापड बेतायचा फळा आहे. आप्पांचं टेबल तू नेलंस. भिंगरी तुझ्याकडे येईल आणि त्याच टेबलाशी बसेल, तुझ्या राजपुत्राच्या समोर. भावंडांना एकत्र बसवलं तर दोघांतून एकालाच घेतात, असं बाई म्हणाल्या. माझी हरकत नाही.

मी येणार नाही. मला बघायचं नाही, तू बघ. ही सगळी हकिगत मी तिला सांगून ठेवली आहे, टाच आणि अंगठ्यासकट. काही लपवलेलं नाही.

वहिनींना नमस्कार. लोभाचं नंतर बघू.

तुझी,
मुंगी

२० जुलै

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

भिंगरी तुझ्या दुकानातल्या काकूंबरोबर सुखरूप पोचली असेल. दोन दिवसांत तिने घर डोक्यावर घेतलं होतं. बाळराजे तिच्या मागे मागे.

आज निकाल आला. बाळराजेंची निवड झाली.

चाचणी कशी झाली ते लिहितो, नाहीतर तू भलतंसलतं मनात आणशील. परीक्षक बाईंनी दोघांना समोरासमोर बसवलं. प्रश्न दोघांना मिळून, ज्याला येईल त्याने सांगायचं. सुरुवातीला आमच्या चिरंजिवांचा ओठ थरथरत होता. मग जी गाडी सुटली ती थांबेना. बाई पेन खाली ठेवून ऐकत राहिल्या. भिंगरी एक शब्द बोलली नाही. नुसती हसत बसली होती. परक्या घरात मूल बुजतं. एकदा नाकारलेल्या मुलाला पुन्हा बसू देत नाहीत, हा नियम कडक आहे. मला वाईट वाटतं.

तिचा एक मोजा टेबलाखाली राहिला. धुऊन ठेवला आहे.

आमच्यावर राग धरू नये, ही विनंती.

तुझा,
दादा

२७ जुलै

दादा, नमस्कार.

मोजा कसा राहिला, ते भिंगरीला विचारलं. म्हणाली, मोज्यातून अंगठा नीट लागत नाही.

कसला अंगठा म्हणून विचारलं तर माझ्याकडेच आश्चर्याने बघायला लागली. आजोबांच्या टेबलाशी आपल्याकडे असंच करतात, तूच सांगितलंस ना, म्हणाली. बाळदादा रडायला आला होता, म्हणून केलं. आदल्या दिवशी त्याला शिकवलं होतं. लवकर शिकला नाही, म्हणाली.

तिला चीड यावी म्हणून मी ती हकिगत सांगितली. तिने ती घरची रीत समजली. एक थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही. मग हसू फुटलं, इतकं की काकू हातातलं शिवण टाकून धावत आल्या.

आता तुझ्याबद्दल. त्या टेबलाखाली काय चालतं हे मी सोडून जगात एकाच मोठ्या माणसाला ठाऊक आहे, आणि तो त्या खोलीत बसला होता. त्याने मोजा उचलला, धुतला, वाळवला आणि निकाल आल्यावर कळवला.

अभिनंदन. त्याला खुशाल पाठव. मी संस्थेला एक अक्षर लिहिणार नाही.

मुंगी

३१ जुलै

चि. मुंगीस,
आशीर्वाद.

मला चाव, पोराला नको.

मोजा कधी उचलला ते विचारू नकोस. संमतीची सही दहा तारखेच्या आत पाठवायची आहे. तू संस्थेला लिहिलंस तर निकाल फिरेल आणि जागा भिंगरीला मिळेल. मला लिहिता येणार नाही. तुझ्या वहिनीने शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून झालं आहे. मुलाने ट्रंक भरायला घेतली आहे. भिंगरीने फक्त सुरुवात करून दिली, पुढचं मलाच आलं असतं, असं तो म्हणतो. मीही असंच म्हणायचो.

माझ्यावरच्या रागापायी तू तिचीही जागा घालवणार? आप्पांनी तुला त्या टेबलाशी गप्प बसवलं, ते वाईटच झालं. पण तू तिला तिथे कशासाठी बसवलंस?

आत्या आहेस त्याची. तेवढ्यासाठी तरी लिही.

तुझा,
दादा

६ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शेवटचा प्रश्न लागला. दाभण कुठे घालायचं ते तुलाही कळतं.

म्हणून भिंगरीला समोर बसवून विचारलं. जायचं असेल तर मी आज लिहिते, जागा तुझीच आहे, असं स्वच्छ सांगितलं. तिथे माझ्यासमोर कोण बसेल, एवढंच तिने विचारलं. कोणी नाही, म्हटलं. मग नको म्हणाली आणि खेळायला पळाली. वेगळं उत्तर दिलं असतं तर ती वेगळं बोलली असती, हे मला कळतं. तरी तेच दिलं.

तेव्हा मला आता संस्थेला लिहायचं कारण उरलं नाही. तुला आहे. संस्थेचा पत्ता तुझ्याकडे आहे, टेबलही तुझ्याकडे आहे. सही करायची की खरं कळवायचं, ते ठरव. वाट बघत बसू नकोस. खाली माझा पाय नाही.

बाळराजेंना आत्याचा आशीर्वाद. त्याच्यावर माझा राग नाही. तुझ्यावर लोभ आहे, आणि तो आहे याचाच जास्त राग येतो.

तुझी,
मुंगी

ता. क. संस्थेतली टेबलं किती रुंद असतात, असं भिंगरी विचारते आहे. भेटायला गेलो तर बाळदादापर्यंत पाय पोचेल का, ही तिची काळजी. मी म्हटलं, मामाला विचार. त्याने पाय लांब करून पाहिलाय.