फिट असल्याचा दाखला

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कान धरतो. नवा साहेब आल्यापासून आमच्या यार्डात श्वास घ्यायचीही चोरी झाली आहे. तो खाली घड्याळ घेऊन उभा असतो आणि तासाला कंटेनरच्या किती पेट्या उचलल्या ते वायरलेसवर ओरडत राहतो. क्रेनच्या केबिनमधून लघवीला उतरून परत चढायचं तर वीस मिनिटं जातात, म्हणून मी पाणीच कमी केलं. अंथरुणावर पडलं तरी पेट्याच दिसतात. मान सारखी ठणकते. हिने बळेच प्रेशर मोजायला नेलं, तर वरचं एकशे ऐंशी!

वीस तारखेला यार्डात आमची डॉक्टरी तपासणी आहे. प्रेशर जास्त निघालं की क्रेनवरून उतरवून गोदामात झाडू देतात. ताई, तू औषधांच्या दुकानात उभं आयुष्य काढलंस. काहीतरी कर. हिला मात्र कळू देऊ नकोस.

तुझा,
ढब्बू

९ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

आधी राग आला, मग रडू. बाबांचंही डोकं असंच दुखायचं. त्यांनीही कुणाला सांगितलं नाही, आणि पन्नाशी काही पाहिली नाही.

माझ्या स्वतःच्या प्रेशरच्या गोळ्यांची पट्टी पाठवते आहे. तपासणीपर्यंत रोज एक घे. तपासणीच्या दुसऱ्या दिवशी मात्र बाहेरच्या डॉक्टरकडे जायचं आणि एकशे ऐंशीचं खरं सांगायचं. साहेब ओरडला तर एका कानाने ऐक, दुसऱ्याने सोडून दे. पाणी पी, मेल्या. तुला माझी शपथ आहे.

तुझी,
ताई

२२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

एकशे अठ्ठावीस! डॉक्टर पाठ थोपटून म्हणाले, अजून जवान आहात. फिट असल्याचा दाखला हिने कपाटावर चिकटवलाय आणि माझ्यामागची भुणभुण थांबवली आहे.

बाहेरच्या डॉक्टरकडे जायचं आहे, पण साहेबाने रविवारही घेतले. पट्टी संपली. मान ठणकते, पण कागदावर तर मी ठणठणीत आहे, मग घाबरायचं कशाला?

तुझा,
ढब्बू

११ जून

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

मन घट्ट करून वाचा. मंगळवारी पेटी हवेत असताना क्रेन थांबली. खालून साहेब ओरडतच होता. कामचुकारपणा वाटला सगळ्यांना. वर चढून पाहिलं तेव्हा हे एका अंगावर कलंडले होते. खाली आणायला दोन तास लागले. मेंदूत रक्तस्राव झाला आहे. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मला ओळखतात, एवढंच.

यार्डवाले तो दाखला पुढे करतात. म्हणतात, आमच्याकडे माणूस ठणठणीत होता, दुखणं घरचं आहे. वन्सं, एकशे ऐंशी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या डॉक्टरने नक्कीच खोटा आकडा लिहिला, आणि मी मूर्ख, त्या कागदावर विसंबून निर्धास्त राहिले. तुम्हाला औषधातलं कळतं. तुम्ही येऊन सांगितलंत तर ऐकतील. तुमच्याशिवाय मला कोण आहे?

आपली,
वहिनी

१५ जून

चि. सौ. वहिनीस,
अ. आ.

उद्या सकाळच्या गाडीने निघते आहे. त्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडावं म्हणून ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवते.

त्या डॉक्टरला बोल लावू नकोस. त्याने जे दिसलं तेच लिहिलं. तपासणीआधी आठवडाभर ढब्बू माझ्या गोळ्या घेत होता. त्या मी पाठवल्या होत्या. त्याची क्रेन वाचवायला गेले आणि तुझे डोळे बांधले. तुझी भुणभुण चालू राहिली असती तर तू त्याला ओढत डॉक्टरकडे नेलं असतंस.

यार्डात येऊन मी हेच सांगेन. साहेबाचं घड्याळही सांगेन, पण आधी हे. घरात घ्यायचं की दारातून परत पाठवायचं ते तू ठरव.

लोभ असावा, असं लिहायला हात धजत नाही.

ताई