दादाचा हात कुठे कुठे पोचला

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

तुझ्या तापट दादाचे अ. उ. आ.

इकडील सर्व क्षेम असं लिहायची सोय या खेपेला नाही. आपली भिंगरी आजारी होती. उलट्या, ताप, शेवटी दवाखान्यात सलाईन. आता बरी आहे, पुन्हा घरभर गरगरत असते. पण त्या मोठ्या पलंगावर माझ्या नातीचा एवढासा हात सुईखाली पाहिला आणि माझं डोकं फिरलं, ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

आजारी पडली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही तिला कोपऱ्यावरच्या सामाईक खानावळीत नेलं होतं. तू ती पाहिलेली नाहीस. भटारखाना एकच, पण चार स्वयंपाकी आळीपाळीनं चूल चालवतात. चौघं चार देशांतून या शहरात आलेले, चौघांच्या भाषा वेगळ्या, एकाला चालतं ते दुसऱ्याला निषिद्ध. शेगडी तीच, ओटा तोच, मोरी तीच. या सगळ्यांवर एका आडदांड बाईचा अंमल चालतो. मी तिला सेनापतीण म्हणतो. तिला आपल्या भाषेतले मोजके शब्द येतात आणि ते सगळे आज्ञार्थी आहेत.

माणसामाणसांतल्या भिंती पाडा, असं मी जन्मभर व्यासपीठावरून ओरडत आलो. त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. पण पोटात जाणाऱ्या घासाचा प्रश्न भिंतीचा नाही, साबणाचा आहे! जिथे चार धन्यांची चूल, तिथे घाणीला धनी कोण? गल्लीच्या रहिवासी मंडळानं महिनाअखेरीस सभा बोलावली आहे. ठराव झाला की जागा काढून घेईन, असा शब्द घरमालकानं दिला आहे. भाषण अर्थातच मी करणार.

तू हॉटेलांच्या स्वच्छतेची तपासणी करतेस, तर मला दारूगोळा पुरव. असा पुरावा हवा की सभेत कुणाला तोंड वर करता येऊ नये. वहिनीचं म्हणणं, मी आधी डॉक्टरांना नीट विचारावं. मी तिला म्हटलं की मला कारण कळलेलं आहे.

तुझ्यावरचा लोभ आहे तसाच आहे; तुझा माझ्यावरचा उत्तराच्या टपालानं कळेल.

तुझा
दादा

*

९ फेब्रुवारी

ती. दादास,

धाकटीचा सा. न. वि. वि. हा नमस्कार वाकून केला आहे, पण मान वर ठेवून.

भिंगरीचं वाचून जीव थाऱ्यावर राहिला नाही. तिचा पापा घे. तू मात्र चांगलाच हात धुऊन त्या खानावळीच्या मागे लागलेला दिसतोस. डॉक्टर काय म्हणाले हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. तू काय म्हणालास हे मात्र पानभर आहे.

दारूगोळा पाठवते. पार्सलात एक डबी आहे आणि जांभळ्या उजेडाचा एक दिवा. डबीतला मलम हाताला लावला की दिसत नाही, त्याला वास नाही, त्यापासून अपायही नाही. पण अंधार करून हा दिवा धरला, की त्या हातानं जिथे जिथे स्पर्श केला ते सगळं उजळून दिसतं. साबणानं नीट धुतलं तरच जातं. नुसतं पाणी मारून किंवा फडक्याला पुसून जात नाही, उलट पसरतं.

पहिल्यांदा मी हे पाहिलं ते एका भल्यामोठ्या हॉटेलात, जिथे वाढणारेसुद्धा पांढरे हातमोजे घालतात. मी एकाच माणसाच्या तळहाताला मलम लावला होता. दिवे घालवले आणि हा दिवा धरला. मिठाच्या बरणीवर, दाराच्या मुठीवर, कुणाच्या खांद्यावर, काचेच्या पेल्यांच्या कडांवर ठिपकेच ठिपके. उघड्या माळावर रात्री मान वर केल्यावर दिसतं ना, तसं! घाण शोधायला गेले होते, पण मला देवळात उभं राहिल्यासारखं झालं. एक माणूस किती लांबवर पोचलेला असतो, दादा!

माझी अट एकच. सभेच्या आधी त्या खानावळीत जाऊन जेव. हाताला मलम लावून जा, सगळ्याला हात लाव, मग भटारखान्यात दिवा धरून पाहा. जे दिसेल तेच बोल. पानामागे सूचना लिहिल्या आहेत, त्या डबी उघडायच्या आधी वाच. पत्र अर्धं वाचून तू भांडायला उठतोस हे मला ठाऊक आहे, म्हणून बजावते आहे.

वहिनीला नमस्कार, भिंगरीला गुदगुल्या. रागावून का होईना, आठवण काढत जा.

तुझी
धाकटी

*

१७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अ. उ. आ. आज ते जरा खालच्या आवाजात आहेत, कान देऊन ऐक.

सूचना मी नंतर वाचल्या. डबी घराबाहेर उघड, हातमोजे घाल, असं तू पानामागे लिहिलं होतंस. तोवर मी ती सकाळीच बैठकीच्या खोलीत उघडून, बोटं बुडवून, चांगली चोळून पाहिली होती. मग जेवणवेळेपर्यंत नेहमीसारखा घरात वावरलो. निघताना पुन्हा मलम लावला आणि खानावळ गाठली.

तिथे मी दुष्टपणाची कमाल केली. खुर्ची, टेबल, पदार्थांचं कार्ड, पाण्याचा जग, मिठाचं भांडं, जे दिसेल त्याला हात लावला. मागून घेतलेल्या ताटल्या उगाच परत केल्या. जेवण उत्तम होतं, आणि त्यानंही मी चिडलो. दुपारची गर्दी ओसरल्यावर उठलो आणि सेनापतिणीसमोर दिवा काढून सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं बाई लाटणं घेऊन धावेल. दुपारच्या स्वयंपाक्यानं तिला तिच्या भाषेत समजावलं, तशी ती पोट धरून हसली. मग माझं बखोट धरून मला भटारखान्याच्या दारातल्या बेसिनपाशी उभं केलं आणि शाळकरी पोराचे धुवावेत तसे माझे हात कोपरापर्यंत घासून घेतले. माझ्या थोरवीचा तिथे काही उपयोग झाला नाही.

ती पाळी बदलायची वेळ होती. दुपारचा स्वयंपाकी जायला निघाला होता, संध्याकाळची बाई आलेली. मी कोपऱ्यात उभा राहून पाहत होतो. जाणाऱ्यानं ओटे, शेगड्या, सुऱ्या, मोरी, नळाची चावीसुद्धा धुतली. सगळं लखलखलं. मग येणारीनं बाह्या वर केल्या आणि तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून धुतलं, त्याच्या देखत. मला वाटलं, झालं, आता हा चिडणार. तो तिला पाण्याची बादली भरून देत होता! मी त्याला विचारलं की तिचा तुझ्यावर विश्वास नाही का. तो मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला की आपण धुतो ते तिचं व्रत आपल्या हातून मोडू नये म्हणून, आणि ती पुन्हा धुते ते आपल्यावर ओझं राहू नये म्हणून. मैत्री टिकते ती यामुळेच, असंही म्हणाला.

सलोख्यावर मी अख्ख्या आयुष्यात इतकी भाषणं ठोकली. ही व्याख्या मला सुचली नव्हती.

मग त्यांनी बाहेरचे पडदे ओढले आणि दिवे घालवले. भटारखान्याला खिडकी नाही. मी जांभळा दिवा धरला. बाहेरच्या टेबलांवर माझे पंजे पेटलेले होते, कार्डावर, जगावर, सगळीकडे. खरकट्या ताटल्यांच्या टोपल्यावर माझी दहाही बोटं. बेसिनच्या कडेला उजेडाचा नुसता चिखल. आणि त्याच्या पलीकडे, आत, काळोख. धाकटे, इतका स्वच्छ काळोख मी कधी पाहिला नाही. माझ्या हाताचा एक ठिपकाही तो उंबरा ओलांडून आत गेला नव्हता.

खरी गोष्ट पुढेच आहे. घरी आलो, पडदे ओढले, म्हटलं मलम घरात सांडला तर नाही ना, पाहावं. दिवा लावला.

खोलीचं आभाळ झालं होतं. बटणांवर, वर्तमानपत्रावर, माझ्या पुस्तकांच्या पाठींवर, पाण्याच्या माठावर मीच मी. फळांच्या वाटीत मी. तेवढ्यात अंधार कसला म्हणून भिंगरी धावत आत आली, आणि तिच्या गालावर माझी चार बोटं उजळली. केसांत उजळली. मग ती हसली, आणि तिच्या ओठांवर, पुढच्या दोन दातांवर तोच उजेड. बाहेर पडायच्या आधी मी तिला सफरचंदाच्या फोडी भरवल्या होत्या, रोजच्यासारख्या, माझ्या हातानं.

ती आजारी पडली तेव्हा सभांचे दिवस होते. रोज शंभर लोकांशी हात मिळवून मी घरी यायचो आणि आधी तिला भरवायचो. मी खाली बसलो. तिला वाटलं आजोबांनी जादू केली. ती टाळ्या वाजवत राहिली.

सभा महिनाअखेरच्या रविवारी आहे. बोलायचं काय, ते कळत नाही. हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा लिहितो आहे.

आहे तेवढी माया सांभाळून ठेव, या वेळी मला ती लागणार आहे.

तुझा
दादा

*

२१ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र मी उभ्यानं वाचायला सुरुवात केली आणि बसून संपवलं.

आता ऐक, आणि या खेपेला शेवटपर्यंत वाच. भिंगरी कुणामुळे आजारी पडली ते हा दिवा सांगत नाही. हात कुठे पोचला एवढंच तो सांगतो. ती बाधा शाळेतून आली असेल, बागेतल्या झोक्यावरून आली असेल, तुझ्याकडूनही आली असेल. काल वहिनीशी फोनवर बोलले. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की लहान मुलांत त्या आठवड्यात हीच साथ होती. तेव्हा स्वतःला सुळावर चढवायची घाई करू नकोस. दुसऱ्याला चढवायची घाई तुला किती महागात पडत होती, ते तू पाहिलंसच.

पण रविवारी घरी बसू नकोस. ठराव तुझ्या भरवशावर ठेवला आहे, तुझ्या नावावर चार घरांची चूल विझायची आहे. तू नाही गेलास तर दुसरा कुणी आरडाओरडा करेल, आणि त्याच्याकडे दिवा नसेल. डबीत मलम अजून उरला असेलच.

सांभाळून राहा, आणि तुझ्या धाकटीला कधी नव्हे ते मोठी झालीस असं एकदा म्हण.

तुझी
धाकटी

*

२ मार्च

प्रिय वन्संना,

वहिनीचा स. न. वि. वि. नेहमी पत्रं हे लिहितात आणि मी खाली एक ओळ खरडते. आज उलट आहे. सभेचं सगळं तूच कळव, असं मलाच सांगून बसले आहेत.

सभा आमच्या इमारतीच्या तळघरातल्या दालनात होती. हे सगळ्यांच्या आधी जाऊन दारात उभे राहिले आणि येईल त्याच्याशी दोन्ही हातांनी हात मिळवत सुटले. मला वाटलं, भाषणाआधीची हवा तयार करताहेत. चहावाल्याशी, पोराबाळांशी, मंडळाच्या टकलू अध्यक्षांशी. शेवटी ती सेनापतीण तिच्या माणसांना घेऊन आली आणि तोंड पाडून उभी राहिली, तर यांनी तिचाही हात हातात घेतला. लोक कुजबुजले.

अध्यक्ष बराच वेळ बोलले. परक्यांच्या हातचं खाऊन आपली मुलं मरायची वेळ आली, असं टेबलावर हात आपटून म्हणाले. ठरावाचा कागद फिरला, सह्या झाल्या. मग आता आपले वक्ते, म्हणून यांना बोलावलं. टाळ्या कडाडल्या. हे उठले, ध्वनिक्षेपकापाशी गेले, तो बाजूला सारला. आणि भिंतीपाशी जाऊन दिवे घालवले.

वन्सं, मी काय सांगू! खिशातून तो जांभळा दिवा निघाला आणि ते अख्खं दालन उजळलं. खुर्च्यांचे हात, चहाचे कप, काठ्या, पर्स. कुणाच्या नाकावर, कुणाच्या मिशीवर. अध्यक्षांना टकलावरून हात फिरवायची खोड आहे, त्यांचं टक्कल तर पौर्णिमेसारखं निघालं. आधी हशा पिकला. मग एका आईनं मांडीवरच्या तान्ह्या बाळाकडे पाहिलं. त्याची मूठ त्याच्या तोंडात होती आणि ती मूठ चमकत होती. हशा थांबला. नंतर यांनी दिवा ठरावाच्या कागदावर धरला. प्रत्येक सहीशेजारी एक लखलखता अंगठा. त्या अंधारात कुणाचा हात देशी आणि कुणाचा परका, ते कुणालाच सांगता आलं नसतं. मला भीती वाटली, आणि फार सुंदरही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटतं, ते तुमच्या दादांना विचारा, तेच तुम्हाला शब्दांत सांगतील.

पहिली हलली ती सेनापतीण. कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेली, कोपरापर्यंत साबण लावून सावकाश हात धुतले, परत आली आणि दोन्ही तळवे दिव्यासमोर धरले. काळेभोर, एक ठिपका नाही. मग ती अध्यक्षांकडे वळून तिच्या ठेवणीतल्या आज्ञार्थी आवाजात म्हणाली की आता तुम्ही. आणि ते निमूट उठले! त्यांच्यामागे रांग लागली. इतकी वर्षं या गल्लीत राहते, पण सगळी गल्ली एका रांगेत उभी असलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. हात धुऊन झाल्यावर अध्यक्षांनी ठराव पुढे मांडायचं म्हटलं, तर कागदाला पुन्हा हात लावायला कुणी तयार होईना. तो टेबलावरच राहिला. खानावळ चालू आहे. आता तिच्या बाहेरच्या दारातही एक बेसिन बसलं आहे, आणि हात न धुता आत शिरणाऱ्याला सेनापतीण काय म्हणते ते पत्रात लिहिण्याजोगं नाही. भिंगरी तिथे काल पोटभर जेवली.

यांनी त्या दिवशी एक शब्द उच्चारला नाही. घरी येऊन मला म्हणाले की आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण झालं.

आता एक गोष्ट, जी यांनी तुम्हाला मुळीच लिहिली नसणार. घरात पहिल्यांदा दिवा लावला तेव्हा मीही स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. यांचा हात बटणांवर होता, पुस्तकांवर होता, नातीच्या गालावर होता. झाडूवर नव्हता. शेगडीवर नव्हता. मी माझ्या साडीकडे पाहिलं, माझ्यावरही कुठे नव्हता. यांनीही ते पाहिलं.

काल भिंगरीनं हट्ट धरला म्हणून पुन्हा मलम लावला आणि संध्याकाळी पडदे ओढले. झाडूच्या मुठीवर पाची बोटं होती. शेगडीच्या बटणावर होती. भिंगरी एकदम ओरडली की आजी, मागे वळ. मी वळले, तर म्हणाली की तुझ्या पाठीवर आजोबांचा अख्खा हात आहे.

मला तो दिसला नाही. पण साडी अजून धुवायला टाकलेली नाही.

इथली काळजी सोडा, आमची आठवण तेवढी राहू द्या.

तुमची
वहिनी

ता. क. — धाकटे, तू मोठी झालीस. डबी संपली, आणखी एक पाठव. — दादा