नवव्या क्रमांकाची मालिका

२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दशक संपायला चार आठवडे राहिले आणि तुझ्या यादीचा पत्ता नाही. मागच्या दोन्ही दशकांना तूच आधी यादी पाठवून माझ्या उरावर बसली होतीस. नियम पुन्हा सांगतो, म्हणजे मागून भांडण नको. दहा वर्षांतल्या टीव्हीवरच्या दहा आवडत्या मालिका, क्रमाने, आणि प्रत्येकीला एक कारण. फोनवर काही फोडायचं नाही, कारण तू लाडीगोडी लावून माझ्याकडून क्रमांक काढून घेतेस आणि मग स्वतःची यादी बदलतेस.

माझी यादी तयार आहे. बस डेपोत टाइमकीपर असल्याचा एवढा तरी फायदा, गोष्टी ओळीने लावता येतात. पहिल्या क्रमांकाच्या मालिकेने मला हमसून हमसून रडवलं, एवढंच सांगतो. तुझी धाकटी भावजय ते अजून सगळ्यांना सांगत सुटते.

तू शिवलेला शर्ट मिळाला. निळ्या कॉलरवर हिरव्या दोऱ्याची टीप का आहे, असं डेपोत चौघांनी विचारलं. नवी फॅशन आहे, माझी बहीण नावाजलेली शिंपीण आहे, असं सांगून वेळ मारून नेली. तेव्हा यादी लवकर पाठव आणि फोन उचलत जा.

लोभ आहेच. तो यादीत कुठल्याही क्रमांकावर ठेव, पण ठेव.

तुझा धाकटा

११ डिसेंबर

चि. टाइमकीपर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षराला नावं ठेवू नकोस, शिवणाच्या टेबलाचा पाय डुगडुगतोय. टिपेचं इतकं काय घेऊन बसलास? फुकट शर्ट मिळाला तर गप्प घालावा. हल्ली शाळेच्या गणवेशांचं काम गळ्यापर्यंत आहे. काजं-बटणं करणाऱ्या बाई नसत्या तर माझं काही खरं नव्हतं.

आता यादी. पहिली, ‘पाहुणे गेले का’. त्यातल्या सासूची चप्पल वाजली की आज कोणाचं काही खरं नाही ते कळतं. दुसरी, ‘नर्सबाईंची बदली’, तिच्या सुरुवातीच्या सनईसाठी. तिसरी, ‘चुलत-मावस’, कारण सगळे एकदम बोलतात आणि तरी कोण काय म्हणालं ते समजतं. मधल्या पाच आणि दहावी मागच्या पानावर आहेत.

‘साक्ष उद्या’ नववी. खरं तर वरच ठेवणार होते. तो म्हातारा वकील बोलायला लागला की मी मशीन थांबवायचे. पण सहा महिन्यांपूर्वी तिचा शेवटचा भाग लागला आणि आपली लेक आपल्याविरुद्ध साक्ष देणार हे त्याला कळलं, नेमका तिथे आवाजच गेला. सात मिनिटं नुसता पंखा घरघरत होता. मी केबलवाल्याला फोन करून चांगला फैलावर घेतला. तो म्हणे सगळ्यांकडे असंच दिसलं. मी म्हटलं, मला शिकवू नकोस. शेवटी काय झालं ते कळलंच नाही, म्हणून नववी.

घरात सगळ्यांना आशीर्वाद. माया कमी करू नये, ती कमी झाली की मला लगेच समजतं.

तुझी ताई

१५ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी जाड पेनाने लिहितोय, एका पानावर सात ओळी. काजं-बटणवाल्या बाईंना वाचायला देऊ नकोस. भिंग लागलं तर घे, पण तूच वाच.

ताई, आवाज गेला नव्हता. तो प्रसंगच मुका होता. रिकाम्या कोर्टात वकील एकटा बसलेला असतो. लेक येते, त्याच्याकडे बघते, शेजारी बसते आणि त्याच्या मांडीवरची फाईल उचलून स्वतःच्या मांडीवर घेते. सात मिनिटं दोघं एकमेकांकडे बघतात. तीच माझी पहिल्या क्रमांकाची मालिका. तू टीव्हीसमोर बसली होतीस आणि तुला यातलं काहीच दिसलं नाही.

मग मी तुझी यादी पुन्हा वाचली. दहाच्या दहा कारणं कानांची आहेत. आणि तुझ्या पत्रातल्या ओळी प्रत्येक पानावर नेमक्या मधोमध खाली घसरतात. टेबलाचा पाय इतका शिस्तीचा नसतो.

मला तुझा राग आलाय. इतके महिने तू एकटीने हे अंगावर काढलंस आणि मी मात्र टिपेवरून विनोद करत बसलो, म्हणून स्वतःचाही आलाय. आमच्या ड्रायव्हरांचे डोळे तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारलं. सरळ रेघ वाकडी दिसत असेल तर एक दिवससुद्धा थांबू नका, म्हणाले. जे गेलं ते बहुधा परत येत नाही, पण राहिलेलं वाचवता येतं. तुझ्या गावातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात गुरुवारी सकाळी दहाची वेळ घेतली आहे. तू गेली नाहीस तर मी रजा टाकून येईन आणि तुला उचलून नेईन. तुझं वजन मला माहीत आहे, तरी नेईन.

रागावलीस तरी चालेल, अबोला धरू नकोस.

तुझा धाकटा

१९ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचायला एक तास लागला. मीच वाचलं.

लपवलं, हे खरं. गिऱ्हाईक नवे कपडे घालून आरशासमोर उभं राहतं आणि विचारतं, कसं दिसतंय. वर्षभर मी अंदाजाने छान म्हणतेय. शिंपिणीला दिसत नाही, हे एकदा बाहेर फुटलं की कोण कापड देणार? चाळीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. डॉक्टर काय सांगतील याची मला भीती वाटत होती. न जाता ती भीती तेवढीच राहील असं वाटायचं, पण ती रोज वाढत होती.

काल गेले, काजं-बटणवाल्या बाईंना घेऊन. त्यांना केव्हाच कळलं होतं. मला वाईट वाटेल म्हणून त्याही गप्प होत्या. आम्ही दोघी एकमेकींपासून तेच लपवत होतो. डावा डोळा मधून गेलाय, त्याचं काही होणार नाही. उजव्याचाही मधला भाग बराच धूसर झालाय, पण अजून पूर्ण गेलेला नाही. पहिलं इंजेक्शन कालच दिलं. ते दर महिन्याला घेतलं तर बहुतेक आहे ती नजर टिकेल, असं म्हणाले. बहुतेक हा शब्द मी दोनदा विचारून घेतला. ते दोन्ही वेळा बहुतेकच म्हणाले.

‘साक्ष उद्या’ नववीच राहू दे. मी ती पाहिलेलीच नाही.

तू पुढच्या शनिवारी येतोयस असं भावजय फोनवर म्हणाली. मला आणायला नको, न्यायला नको, नुसता ये. आलास की लगेच गप्पा मारायला लागू नकोस. खिडकीपाशी उजेडात खुर्ची ठेवली आहे. तिथे जरा वेळ स्वस्थ बस आणि मला तुझा चेहरा नीट बघून घेऊ दे.

तुझी ताई