बाबांच्या पायाची वाटी

दि. १४, शनिवार
दवाखान्याच्या मागची पाहुण्यांची खोली

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, पोरांना गालगुच्चे. आम्ही दोघी सुखरूप आहोत. प्रवासात आईच्या गुडघ्यांनी कुरकुर केली, आईनं मात्र नाही केली. फोन का नाही केला, असं तू विचारणार नाहीस, कारण तू तो उचलत नाहीस. आई जवळ असेल या धास्तीनं तू माझाही उचलेनासा झालास. तेव्हा आता कागदावर माझी टकळी ऐक. कागद फाडता येतो म्हणा, पण तेवढा दुष्ट तू नाहीस.

आई ज्या संस्थेत दवाखान्यांचं जुनं सामान निवडायला जाते, त्यांनी यंदा काही स्वयंसेवकांना, सामान जिथं पोचतं तिथं नेऊन आणायचं ठरवलं. आईनं सगळ्यांच्या आधी हात वर केला. पंच्याहत्तरीला टेकलेली बाई परदेशी एकटी कशी जाणार, म्हणून शेपूट म्हणून मी आले. गटाबरोबर एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना इथली भाषा येते. आमचं सगळं बोलणं त्यांच्या तोंडून चालतं.

खोली बरी आहे. दोन लोखंडी पलंग, एक डगमगतं टेबल, खिडकीतून मागचं अंगण दिसतं. तिथं दोरीवर रबरी हातमोजे वाळत घातलेले असतात. एकदा वापरून फेकायचे मोजे हे लोक धुऊन, उकळून, पावडर लावून पुन्हा वापरतात. आईनं ते पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. म्हणाली, "अगं, मोज्यांचे खोके आम्ही मागे ठेवायचो. म्हटलं, ह्यात काय एवढं!"

लहान मुलांच्या विभागात एक काचेची ऊबपेटी आहे, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी. तिच्या वायरीला आईनंच गुंडाळलेली हिरवी चिकटपट्टी अजून तशीच आहे. आत एक मुठीएवढं बाळ होतं आणि त्याची आई बसल्या बसल्या काचेवर हात ठेवून झोपली होती. आमची आई तिथून हलेचना. मला खूप बरं वाटलं रे. संस्थेत चार म्हाताऱ्या आणि आपली आई बसून काय खुडबुड करतात, याची मीही कमी चेष्टा केलेली नाही.

पण आई काही ऊबपेटी बघायला आली नव्हती.

आल्यापासून तिची नजर लोकांच्या पायांकडे. कुणी समोरून आलं की ही त्याच्या विजारीच्या काठाकडे बघत राहणार. एका गृहस्थांनी तर बूट सुटलाय की काय म्हणून दोनदा खाली पाहिलं. मी म्हटलं, "आई, लोक काय म्हणतील?" म्हणाली, "तू तुझं बघ." मला कळलं होतं, पण मी विचारलं नाही. ती बाबांचा पाय शोधत होती, ते गेल्यावर संस्थेला दिलेला.

तुला राग येईल. येऊ दे, पण पुढे वाच.

इथं पाय बसवायचा एक कारखाना आहे. कारखाना कसला, एक लांबट खोली, भिंतीला फळ्या, मधे चालायचा सराव करायला दोन समांतर दांड्या. पाय बसवणाऱ्याला आई 'मिस्त्री' म्हणते आणि तोही आता त्या हाकेला ओ देतो. आईनं त्याला बाबांच्या पायाचं वर्णन सांगितलं. कुणाला दिला, तेवढं दाखवा, लांबून बघेन, म्हणाली.

मिस्त्रीनं तिला फळ्यांपाशी नेलं. एका फळीवर नुसते पंजे, एकीवर नळ्या, एकीवर गुडघे. आलेला पाय ते आधी खोलतात. पंजा एकाला, गुडघा दुसऱ्याला, जसं ज्याला जमेल तसं.

"म्हणजे अख्खा पाय कुणालाच नाही?" आईनं विचारलं.

"नाही, आजी."

"आणि वरची वाटी? मांडी बसते ती?"

मिस्त्री डॉक्टरीणबाईंकडे बघायला लागला. त्या आमच्याकडे. शेवटी त्यांनी सांगितलं. वाटी त्या त्या माणसाच्या मांडीचा साचा घेऊन केलेली असते, दुसऱ्या कुणालाही बसत नाही. ती पहिल्यांदा काढून टाकतात.

दादा, तुला माहीत नसेल, आई आणि तिच्या मैत्रिणी वर्षानुवर्षं त्या वाट्याच तर घासत बसतात! डाग काढतात, कडा गुळगुळीत करतात, नव्या माणसाला टोचू नये म्हणून आतून मऊ कापडाचं अस्तर शिवतात. इथल्यांनी कधी कळवलं नाही. एवढ्या मायेनं शिवलेलं, म्हणे, नको कसं म्हणायचं. मला हसू फुटलं, मग आईचं तोंड बघून हसू कुठल्या कुठे गेलं.

"शुद्ध गाढवपणा झाला की गं आमचा," एवढंच म्हणाली ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. मागून आवाज आला. कट्. कट्. तोच रे! लहानपणी जिन्यात तो आवाज आला की तू पत्ते उशीखाली सारायचास, तोच. आई ताडकन उठली आणि म्हणाली, "आले." तिनं मागं वळून पाहिलं तर बादली घेतलेली एक बाई. तिच्यामागून एक म्हातारबाबा आला, त्याचाही कट्. मग शाळेच्या गणवेशातली एक मुलगी, तिचाही! मिस्त्रीला विचारलं, तर म्हणाला, त्या बनावटीचा गुडघा जुना झाला की असाच वाजतो, तेल घातलं तरी वाजतो. आई आधी रडली आणि मग एवढी हसली की बादलीवाली बाईही थांबून हसायला लागली. त्यांच्यातला एखादा बाबांचा असेल, नसेलही. आईनं त्यानंतर कुणाच्या पायाकडे पाहिलं नाही.

आता जे लिहायचं त्यासाठी मी मघापासून इकडचं तिकडचं सांगतेय.

काल दुपारी आई दिसेना. शोधत गेले तर कारखान्यामागे, टाकून दिलेल्या वाट्यांच्या ढिगापाशी बसलेली. मांडीवर बाबांची वाटी. तिनंच लावलेलं, बाबांच्या निळ्या चौकड्याच्या शर्टाचं अस्तर, त्यावरून ओळखली. मी शेजारी बसले. मला वाटलं, रडेल. रडली नाही. बोलायला लागली.

"रोज सकाळी उठलं की पाय मी त्यांच्या हातात द्यायची. तू चौथीत होतीस तेव्हापासून. ते गेले तरी माझा हात तिकडेच जायचा. एक दिवस पाय उचलला, पलंगाकडे वळले आणि 'अहो, धरा' म्हणाले. रिकाम्या पलंगाला! मग मी घाबरले गं. म्हटलं, हा पाय इथं राहिला तर मला वेड लागेल. तेवढं अस्तर शिवलं आणि देऊन टाकला."

मी म्हटलं, "हे दादाला का नाही सांगितलंस?"

"तो आल्या आल्या ओरडलाच की. बाबांचा पाय भंगारात घातलास म्हणाला. पण त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला पोचायला उशीर झाला, बाप भेटला नाही. निदान पाय तरी भेटायला हवा होता त्याला."

दादा, मी तुझ्या बाजूनंही खूप विचार केलाय. तुझी गाडी चुकली, रजा मिळाली नाही, त्यात तुझा काय दोष? पण तो राग तू कुणावर काढणार, तर आईवर. ती आयतीच सापडली. मी धाकटी आहे, मला हे बोलायचा हक्क नाही, पण बोलले. तू घरी येत नाहीस तेव्हा ती सगळ्यांना सांगते, त्याला कामं फार असतात. मला ते ऐकवत नाही.

वाटी तिनं धुतली, पंच्यात गुंडाळली आणि हातातल्या पिशवीत ठेवली. जागा व्हावी म्हणून स्वतःचा स्वेटर इथल्या आयाबाईला देऊन टाकला. "बाकी सगळं लोकांच्या कामाला आलं," म्हणाली. "हीच तेवढी कुणाला बसत नाही. ही तुझ्या दादाची." मी म्हटलं, विमानतळावर पिशवी तपासतील, काय सांगशील? म्हणाली, "सांगेन, नवरा आहे."

डॉक्टरीणबाई उद्या आमच्या आधी परत निघताहेत, हे पत्र त्यांच्या हाती देते. आईनं मला बजावलंय, त्याला बोलावू नकोस, यायचं तर त्याचं त्यानं यावं. म्हणून मी बोलावत नाही. आम्ही पुढच्या रविवारी दुपारी उतरतो, एवढं फक्त कळवते.

आई पलंगावरून विचारतेय, कुणाला एवढं लिहितेस. मी सांगितलं. आता चष्मा लावून पेन मागतेय. देते.

तुझी,
टकळी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.
तुझं बरोबर होतं. माझंही चुकलं नव्हतं. भांडायला तरी ये.
तुझी आई