लच्छूनं तीनदा सांगितलं

आलापल्ली,
१४ एप्रिल १९५४

गुरुवर्य बापूजी मास्तरांना लटारूचा साष्टांग नमस्कार.

गुडघा आता कसा आहे? वरोऱ्याहून तुमचं पत्र आलं नाही म्हणून काळजी वाटते. इकडे मोहफुलांचा हंगाम संपत आला. जंगलखात्याच्या रेंज ऑफिसात इंग्रजी मसुदे अजून मीच करतो. चार ओळींत काम उरकतो म्हणून साहेब खूश असतात. ही तुमचीच कृपा. ‘रिटर्न बॅक’मधला ‘बॅक’ तांबड्या पेन्सिलीनं उडवून तुम्ही म्हणाला होता, “परत येणारा मागंच येते ना बे! वाचणाऱ्याचा टाइम काऊन खाऊन राह्यला?” वर्ग हसला होता. मीही.

मास्तर, मी वेळ काढतो आहे. लिहायचं ते वेगळंच आहे.

मार्चअखेर नाल्यापलीकडच्या टोल्यावरचा, त्या चार झोपड्यांच्या वस्तीतला लच्छू ऑफिसात आला. म्हणाला, “मोहाखाली वाघ आला, बाबू. परवा बी तिथीच आला. काल बी आला, बायका आल्या तरी हालला नाई.” एकच गोष्ट तीनदा! मी इंग्रजीत एक ओळ लिहिली : नाल्याजवळ वाघ दिसला. अंगठा देताना त्यानं विचारलं, “एवढंसंच? सारं आलं ना?”

“सारं आलं,” मी म्हणालो.

वाघ दिसणं इथे रोजचंच. कागद फायलीत गेला. तो रोज त्याच झाडाखाली येतो, माणसाला भीत नाही, हे वाचलं असतं तर साहेबांनी वेचणी थांबवून पहारा बसवला असता. आठव्या दिवशी लच्छूची बायको सुकरी तिथेच मोह वेचायला गेली. वाघानं तिला नेलं.

आता चौकशीत म्हणतात, लच्छूनं पुरती माहिती दिलीच नाही. कागदावर अंगठा त्याचाच आहे. काल तो पायरीवर बसून होता. “बाबू, मी तं तीनदा सांगतलो ना?” मी खाली मान घालून आत गेलो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तुम्हाला बोल लावत नाही. तुम्ही मला माझे शब्द छाटायला शिकवलंत. मी लच्छूचे छाटले.

रात्रभर बसून नवा जबाब लिहिला. तीन पानं झाली. लच्छूचं बोलणं त्यात जसंच्या तसं, तिन्ही वेळा आहे. नोकरी बहुधा जाईल. नक्कल सोबत पाठवतो; तिला पेन्सिल लावू नका.

चूक माझी आहे. साहेबांना लिहिलं, तुम्हाला लिहिलं. आता लच्छूला सांगायला टोल्यावर निघालो आहे.

तुमचा विद्यार्थी म्हणवून घ्यायला आज कचरणारा,
लटारू