गाडीच्या पोटाखाली

आबा, मी गाडी घेतली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की सांगायला सुरुवात कुठून करावी ते कळत नाही, म्हणून आधी हेच सांगते. पांढरी आहे, जुनीच घेतली, आणि चालवते मीच. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "पांढरं कशाला घेतलंस, लय मळतंय." हौस म्हणून नाही घेतली. आई गावात एकटी. मेंढरं विकली तरी ती गाव सोडायला तयार नाही. फाट्यापर्यंत चालायचं आणि एस्टीची वाट बघत बसायचं, हे तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं, त्यात डोळ्यांत मोतीबिंदू. तिला वाटेल तेव्हा परभणीला आणावं, वाटेल तेव्हा गावी सोडावं, एवढ्यासाठी मी चाळिशी उलटल्यावर क्लच आणि ब्रेक शिकले. क्लासवाल्याने गाडी पुढे कशी न्यायची ते शिकवलं. ती सांभाळायची कशी हे त्याने सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

सांभाळणं म्हणजे पुसणं, अशी माझी समजूत. रोज कचेरीत जायच्या आधी ओल्या फडक्याने टप पुसायचा, काचा पुसायच्या, पुढे लिंबू-मिरची, आत वासाची बाटली. शेजारीण म्हणायची, नवरीसारखी नटवलीय. मी अभिमानाने फुगायचे.

दिवाळीच्या आधी, सोयाबीन काढणीच्या दिवसांत, मी आईला घेऊन गावाहून झरीमार्गे परभणीला निघाले होते. आपल्याकडे आता खळं कोण करतं? डांबरी रस्ता आहे की! लोक माल रस्त्यावर पसरतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या फुकटात मळणी करून देतात. खालून करकर आवाज यायचा आणि मला पुण्य केल्यासारखं वाटायचं. बाकीचे कडेने जात होते; मी मात्र दिसेल त्या सोयाबीनवर गाडी मधोमध घातली. थोड्या वेळाने जळका वास यायला लागला.

"काहीतरी जळायलंय गं," आई मागून म्हणाली.

"कुणीतरी धसकटं पेटवली असतील."

"धसकटाचा वास मला कळंना व्हय? तुजी गाडी जळायलीय!"

धूर खरंच खालून येत होता. गाडी थांबवली आणि आईला हाताला धरून ओढूनच बाहेर काढलं. शेतातून एक नवरा-बायको पळत आले. बाईने प्यायच्या पाण्याची घागर गाडीखाली रिकामी केली, त्याने फावड्याने माती मारली. सोयाबीनचं वाळलेलं काड तापलेल्या सायलेन्सरला अडकून बसलं होतं, तेच पेटलं होतं. "थोडक्यात वाचलात बाई," तो म्हणाला. "भुसकट खाली अडकतंय. उतरून काढावं लागतंय." आणि हे सांगणाऱ्याच्याच मालावरून मी नुकतीच आले होते. मला हसू यायला लागलं, पण आई गाडीकडे बघायलाही तयार नव्हती. तिने पदर आवळला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. "मी यष्टीनं जाते. तुज्या गाडीत न्हाई बसायची आता." आणि खरंच गेली, आबा. जिच्यासाठी गाडी घेतली तीच उतरून गेली.

परभणीच्या मेकॅनिकने गाडी वर उचलली आणि मला खाली बोलावलं. "म्याडम, इकडं या. वरून चकाचक ठेवलीय, अन् खाली पूरा उकिरडा हाय." काड, चिंध्या, प्लास्टिक, टायरच्या खाचांत रुतलेले खडे. मी मान वर करून बघत होते आणि मला तुमचा आवाज ऐकू आला.

मी लहान आहे, परकर-पोलक्यातली. दिवस मावळलाय, मेंढरं वाडग्याच्या कुंपणाच्या तोंडाशी दाटलीत आणि तुम्ही विचारताय, "बघितल्या का?" मी म्हणते, बघितल्या. तुम्ही जवळची एक मेंढी धरता, तिचा पाय उचलता. खुरात बाभळीचा काटा, पोटाखाली सराटे. "वरून बघितलंस. वर लोकर हाय पोरी, दुखणं खाली हाय." मारलं नाहीत. सगळा कळप पुन्हा बघायला लावलात. पलीकडे चुलीवर भाकरी फुगतेय, तिचा वास येतोय, माझ्या पोटात कावळे ओरडतायत आणि मी एकेका मेंढीपुढे गुडघे टेकतेय. लय राग आला होता तुमचा. थोडा अजूनही आहे. तुमचं नेहमी खरं निघायचं, आणि असल्या माणसावर धड रुसताही येत नाही.

शिकायला परभणीला निघाले तेव्हा बाकीच्या पोरींना बापाने घड्याळं दिली. तुम्ही करदोट्याला बांधलेला काटा काढायचा चिमटा सोडून माझ्या हातावर ठेवलात. मला रडू आलं, आणि ते मायेने नव्हतं. तो चिमटा वर्षानुवर्षं सुईदोऱ्याच्या डब्यात पडून होता. आता तो गाडीत असतो. टायरमधले खडे त्याने छान निघतात. गाडी थंड झाली की जुनं पोतं अंथरायचं, गुडघे टेकायचे, बॅटरी लावून खाली बघायचं.

हिवाळ्यात आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा दिवस आला. "यष्टीनं येते," तिचं तेच. येईलही, पण बांधलेला डोळा घेऊन धुळीतून, धक्के खात परत कशी जाणार? मी भांडले नाही. आदल्या दिवशी गावी मुक्कामाला गेले. सकाळी आई ओट्यावर चहा घेत बसली होती. मी तिच्यासमोर पोतं अंथरलं आणि गाडीखाली वाकले.

खाली काहीच नव्हतं, आबा. मी परभणीतच सगळं साफ करून निघाले होते. तरी उगीच हात फिरवत राहिले, चिमट्याने नसलेली काडी काढली, एका बाजूने झालं तर दुसऱ्या बाजूने जाऊन पुन्हा वाकले. गुडघे दुखायला लागले तरी उठवेना. आई आता काही म्हणेल, मग काही म्हणेल.

"झालं आसंल तर चल," ती म्हणाली. पिशवी घेऊन ती गाडीच्या दारापाशी येऊन उभी होती. "तुजे आबाबी आसंच करायचे. मी वट्यावर बसलेली दिसले की एकाच मेंढीखाली दोन-दोनदा हात घालायचे. मला काय कळत नव्हतं व्हय?" आणि स्वतःच दार उघडून ती पुढच्या सीटवर बसली.

मी पोतं झटकायचं निमित्त करून पाठ फिरवली. एवढी वर्षं मला वाटायचं, तुम्हाला फक्त मेंढरंच दिसतात.

हे कागद कुठे जायचे नाहीत. तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुम्ही असतात तर मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तुमच्या तोंडावर मला यातलं एक अक्षर बोलता आलं नसतं. तेव्हा आता एवढंच कबूल करते. एकटी असले की मी गाडीखाली एकदाच बघते, घाईत असले तर तेही अर्धवट. आई ओट्यावर असली की मात्र दोनदा. आणि आता तिला लख्ख दिसतं.