छत्तीस उंदीर आणि एक भाचा

बडोदे, ता. ११ ऑगस्ट १९७४

तीर्थरूप हंबीरमामा यांना भाचा केरबाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मामींचा गुडघा आता काय म्हणतो? अंजनाची शिवणाची परीक्षा झाली का? (हे आपलं सहज विचारलं.) इकडं मी बरा आहे आणि माझ्या ताब्यातले छत्तीस उंदीरही बरे आहेत.

आईनं कळवलं की तुमच्या अंजनाला कराडचं स्थळ आलंय, मुलगा मॅट्रिक आहे. तो तुमचा विषय, मी त्याबद्दल लिहीत नाही. लिहितोय ते वेगळंच. म्हसवडच्या जत्रेत चार लोकांत तुम्ही म्हणाला होता, "केरबा चार गावचं पाणी प्याला, पर शिकला कायबी न्हाई." ते लय लागलं होतं. त्याचं उत्तर आता उंदरांनी दिलंय.

इथल्या एका कॉलेजात मी ज्या सरांच्या हाताखाली आहे, ते मनाचं शास्त्र शिकवतात. माणसाचं मन सापडत नसल्यामुळं (हे माझं मत, सरांचं नव्हे) उंदरावर भागवतात. लाकडी फळ्यांची गल्लीबोळं केलीत. एका तोंडाला उंदीर सोडायचा आणि दुसऱ्या तोंडाच्या पेटीशी तो किती वाटा चुकून पोचतो ते सरांनी लिहायचं. पिंजरे धुणं आणि उंदीर उचलून आणणं माझ्याकडं. उंदरांच्या तीन पंगती. पहिलीला पेटीत रोज हरभरे, दुसरीला कधीच काही नाही, तिसरीला दहा दिवस काही नाही आणि अकराव्या दिवसापासून हरभरे.

आता तुम्हीच सांगा मामा, एवढी पायपीट करून दारात आलेल्याला आपण तसाच माघारी धाडतो का? दारात वासुदेव आला तरी त्याला पसाभर मिळतं. चौथ्या दिवशी माझ्यानं बघवेना. दुसऱ्या पंगतीच्या पेटीत गुपचूप भाकरीचा तुकडा टाकायला लागलो. आठवड्यात ते उंदीर असे सरळ पळायला लागले की सर हरखून गेले. काही न देताही उंदीर शिकतो, हे जगात कुणाला सापडलं नाही ते आपल्याला सापडलं असं समजून त्यांनी दिल्लीला पत्र लिहिलं, आणि टाकायला दिलं ते माझ्याच हातात. पाय उचलेना. खरं सांगून टाकलं. सरांनी पत्र माझ्या हातातून परत घेतलं आणि म्हणाले, "केरबा, तुझ्या पुण्यानं मला महिनाभर मागं नेलं बघ." सगळं पहिल्यापासून सुरू केलं.

ह्या खेपेला मी हात बांधून तिसरी पंगत बघितली. दहा दिवस नुसती हिंडत होती, कोपरे हुंगत होती. तुम्ही बघितली असती तर म्हणाला असता, केरब्याची जात. अकराव्या दिवशी हरभरे मिळाले, आणि बाराव्या दिवशी रोज खाणाऱ्यांच्या बरोबरीनं सरळ पेटीवर! सर म्हणाले, ती रिकामी हिंडतच नव्हती, मनात वाटांचा नकाशा काढत होती. तो दाखवायला कारण नव्हतं, एवढंच. पिंजरा धुता धुता मला माझी चार गावं आठवली.

पाचगणीच्या शाळेच्या स्वयंपाकघरात मी वर्षभर नुसती भांडी घासली. गेल्या महिन्यात सरांच्या घरी बारसं होतं, साठ पानं, आणि आचारी ऐनवेळी आला नाही. मी कधी पळीला हात लावलेला नव्हता, पण घासता घासता बघितलेलं सगळं हातात उतरलं. भात मोकळा झाला. (आमटी जरा तिखट झाली, पण ती साताऱ्याची असल्यामुळं.) सांगितलं एवढ्याचसाठी की मीही समोर पेटीत काही असेल तर सरळ चालतो. सर्वांना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
केरबा

ता. क. वर त्याबद्दल लिहीत नाही म्हटलं ते खोटं. दसऱ्याला सुपारी फोडणार असाल तर दिवाळीपर्यंत थांबा, मी येतोय. अंजना म्हणजे पेटीतले हरभरे असं मला म्हणायचं नव्हतं. पण ते पेटीचं वाक्य खोडावं तर कागद फाटतोय.

आणखी एक. पाकीट चिकटवताना ध्यानात आलं की सर उंदरालासुद्धा दोन वाटा ठेवतात, आणि अंजनाला आपण कुणीच, म्हणजे मीसुद्धा, काही विचारलेलं नाही. तिला विचारा: कराड, का केरबा, का दोन्ही नकोत. पोरगी गप्प बसली की होकार धरायचा, अशी आपल्यात रीत आहे. ती ह्या वेळेला धरू नका. माझं नाव घेतल्यावर गप्प बसली, तरी धरू नका.